परवाना खिशात, बंदूक घरात

रायगड जिल्ह्यात रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्याची नारळी-पोफळीची वाडी आहे, किंवा डोंगरउताराला लागून भाताची खाचरे आहेत, त्याच्या घरी भिंतीला टांगलेली ठासणीची बंदूक, माडावर चढणाऱ्याच्या कमरेच्या आकडीत अडकविलेला कोयता, आणि देवघरात पूर्वजांच्या नावाने पुजली जाणारी व दसऱ्याखेरीज म्यानाबाहेर न निघणारी तलवार, ह्या तिन्ही वस्तू इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्यांच्याकडे शस्त्र म्हणून पाहण्याचा प्रसंग त्याला सहसा येत नाही. आणि येतो तेव्हा तो एकाएकी, एखाद्या सरकारी कचेरीच्या दारात, खांद्यावरची पिशवी उघडून दाखवा असे शिपायाने म्हटल्यावर येतो. तहसील कचेरी, जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय, न्यायालय, पोलीस ठाणे, पंचायत समिती, दुय्यम निबंधकांची कचेरी अशा ठिकाणी आपले शस्त्र वा शस्त्रासारखे हत्यार नेता येते की नाही, नेणे भाग पडल्यास ते कसे न्यावे, आणि न नेणेच इष्ट असल्यास ते कोठे ठेवावे, हे ठाऊक नसल्यामुळे निरपराध माणसेही कधीकधी फौजदारी प्रकरणात सापडतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्याच्या मनात मुळातच पाप आहे त्याला लेख वाचून मार्गदर्शन घेण्याची गरज नसते.

प्रथम एक दृढमूल गैरसमज दूर करावयास हवा. शस्त्राचा परवाना मिळाला म्हणजे ते शस्त्र कोठेही, केव्हाही आणि कोणाच्याही समोर बाळगण्याची मुभा मिळाली, अशी समजूत परवानाधारकांपैकी पुष्कळांची असते, आणि ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांचीही तीच समजूत असल्यामुळे तिला सहसा कोणी हरकत घेत नाही. वास्तविक परवाना ही अटींनी बांधलेली परवानगी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळणाऱ्या परवान्याच्या शर्ती परवान्यासोबतच छापलेल्या असतात, आणि त्या वाचण्याचे कष्ट फारच थोडे लोक घेतात. त्या शर्तींत, विशेष परवानगीवाचून जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा अन्य सार्वजनिक जमाव ह्या ठिकाणी, तसेच शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र नेऊ नये, असे स्पष्ट म्हटलेले आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी त्यात आणखी भर घातली: सार्वजनिक जागी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे तर ते अंगावर बांधलेल्या खोळीत किंवा तशाच योग्य पिशवीत असावे, लांब नळीचे शस्त्र त्याच्यासाठी केलेल्या आच्छादनात असावे, ते संपूर्ण झाकलेले असावे, नेणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असावा, आणि सार्वजनिक ठिकाणी ते परजून दाखविणे सर्वथा निषिद्ध. अटीचा भंग झाल्यास परवाना तर जाऊ शकतोच, शिवाय अधिनियमाच्या ३० व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

हा केवळ कागदी सावधपणा नव्हे, हे समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री, शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, आणि तेही वरिष्ठ पोलीस निरीक्षकाच्या दालनात, जमिनीच्या वादातून समोरासमोर आलेल्या दोन राजकीय पक्षांच्या मंडळींत गोळीबार झाला. एका विद्यमान आमदारास त्या प्रकरणी अटक झाली, आणि दालनातील कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. दोषादोषाचा निर्णय न्यायालयाने करावयाचा आहे, म्हणून त्याविषयी येथे काही बोलावयाचे नाही. परंतु एवढे मात्र कोणाच्याही ध्यानात यावे की, तक्रार नोंदविण्यासाठी, म्हणजे कायद्याच्या हाती आपला वाद सोपविण्यासाठी ज्या खोलीत दोन्ही पक्ष बसले होते, त्या खोलीत भरलेले शस्त्र नसते तर वाद वादच राहिला असता. जमिनीच्या भांडणात माणसाचे डोके किती लवकर तापते, हे खारेपाटातल्या किंवा मांडव्याच्या आसपासच्या गावांतील, जेथे गेल्या काही दशकांत जमिनीचे मोल आकाशाला भिडले आहे, तेथील वाचकांस सांगावयास नको. फेरफाराच्या नोंदीवर हरकत घ्यावयास, मोजणीच्या नकाशावर सही करावयास, वाटणीपत्र नोंदवावयास जाणाऱ्याने कमरेला पिस्तूल लावून जाऊ नये, मग त्याला परवाना असो, धमक्या येत असोत, की आपण कोणी मातबर आहोत असे त्याला वाटत असो. जिवाला खरोखरीच धोका असेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून बंदोबस्त मागावा.

दुसरे उदाहरण परवान्याच्या शस्त्राचे नाही, आणि म्हणूनच ते अधिक विचार करावयास लावते. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, सुनावणीसाठी आणलेल्या एका कुख्यात गुंडाला जमावाने ठार मारले. त्याच्या अत्याचारांनी गांजलेल्या वस्तीतील स्त्रिया त्या जमावात होत्या, आणि त्यांच्या हाती होत्या त्या भाजी चिरण्याच्या सुऱ्या आणि तिखटाची पूड. त्या स्त्रियांच्या दुःखाविषयी सहानुभूती बाळगूनही म्हणावे लागते की न्यायासनासमोर स्वयंपाकघरातील सुरी पोहोचली, ह्यात त्या इमारतीच्या दाराचे अपयश होते. दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात २४ सप्टेंबर २०२१ रोजी तर वकिलाच्या वेषात आलेल्या मारेकऱ्यांनी भर न्यायालयात एका आरोपीवर गोळ्या झाडल्या. ह्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांना आपापल्या राज्यांतील न्यायालयांच्या सुरक्षेची योजना आखण्यास सांगितले, आणि आज जिल्हा न्यायालयाच्या दारात जी झडती घेतली जाते, वकिलांनाही ओळखपत्र दाखवावे लागते, तिच्यामागे ही पार्श्वभूमी आहे. झडती घेणारा आपला अपमान करीत आहे असे मानणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थांनी हे प्रसंग आठवावेत.

आता कायद्याची बाजू. सरकारी इमारतीत शस्त्र आणण्यास मनाई करणारा हुकूम एकाच ठिकाणाहून येत नाही. तो निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडून आणि निरनिराळ्या अधिनियमांखाली येतो. परवान्याच्या शर्ती वर सांगितल्याच. त्याखेरीज कार्यालयाच्या प्रमुखास आपल्या इमारतीत कोणी काय घेऊन यावे ह्याचे नियमन करता येते, आणि कारागृहाच्या बाबतीत तर कारागृहांविषयीचा अधिनियमच निषिद्ध वस्तू आत नेणाऱ्यास शिक्षा सांगतो. अलिबागला कान्होजी आंग्र्यांच्या काळचा हिराकोट आज जिल्हा कारागृह म्हणून वापरात आहे. किल्ला म्हणून त्याच्या तटाकडे कौतुकाने पाहणाऱ्याने, आत असलेल्या नातेवाइकाच्या भेटीस जाताना मात्र साधा चाकू, नखे कापण्याचे हत्यारसुद्धा घरी ठेवून जावे.

पण सामान्य माणसाशी ज्याचा सर्वांत अधिक संबंध येतो, तो हुकूम १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली निघतो. हा अधिनियम पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जाई, आता त्याचे नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम असे आहे. सण, निवडणुका, मोर्चे, उपोषणे ह्यांच्या सुमारास जिल्हादंडाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी ह्या कलमाच्या पहिल्या पोटकलमानुसार मनाई आदेश काढतात. त्याची मुदत सामान्यतः पंधरा दिवसांची असते, आणि ती पुनःपुन्हा नव्या आदेशाने पुढे चालू राहते, त्यामुळे वर्षाचा पुष्कळसा काळ कोणता ना कोणता आदेश अमलात असतो असे म्हटले तरी चालेल. ह्या आदेशात शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई असते. दाहक व स्फोटक पदार्थ नेणे, दगड जमा करणे ह्यांसही. आदेशाचा भंग केल्यास १३५ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद व दंड होतो, आणि न्यायाधीशाने विशेष कारण लिहून ठेवले नाही तर ती कैद चार महिन्यांहून कमी नसते. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येणारी ‘जिल्ह्यात मनाई आदेश जारी’ ही बातमी पुष्कळ लोक न वाचताच उलटतात. ज्याला कचेरीत काम आहे त्याने ती वाचावी.

येथे एक सूक्ष्म भेद आहे, आणि तोच आमच्या किनाऱ्यावरील माणसाला नडतो. शस्त्र अधिनियमात शस्त्राची जी व्याख्या दिली आहे, तिच्यातून केवळ घरकामाच्या वा शेतकामाच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू, लाठी, चालताना हाती धरावयाची साधी काठी आणि मुलांची खेळणी वगळलेली आहेत. म्हणून कोयता, विळा, कुऱ्हाड ह्यांना परवाना लागत नाही. परंतु पोलीस अधिनियमाची मनाई वस्तू कोणत्या हेतूने घडविली हे पाहत नाही, तिने इजा होऊ शकते की नाही एवढेच पाहते. परिणामी वाडीत जो कोयता कामाचे साधन आहे, तोच मनाई आदेश चालू असताना तहसील कचेरीच्या आवारात हत्यार ठरू शकतो. माडाची झाप तोडून सरळ तसाच दाखल्यासाठी कचेरीत आलेला कामकरी, किंवा कमरेची आकडी सोडावयाचे भानच न राहिलेला कातकरी, ह्याच्या मनात काही वाईट नसते हे खरे. आणि दारावरच्या शिपायाने तेवढे तारतम्य दाखवावे हेही खरे. तरीही ते तारतम्य प्रत्येक शिपायाच्या ठायी असेलच ह्या भरवशावर राहू नये. उरण तालुक्यातील चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहाच्या वेळी जो गोळीबार झाला आणि ज्यात गावोगावचे शेतकरी, आदिवासी हुतात्मे झाले, तेथेही लोकांच्या हाती होते ते झाड तोडण्याचे कोयते आणि कुऱ्हाडीच. सरकारच्या नजरेत कष्टकऱ्याचे अवजार केव्हा हत्यार होते, ह्याचा ह्या जिल्ह्याला झालेला अनुभव जुना आहे. मात्र ते राज्य परके होते, आणि आजच्या कचेरीत ज्याच्याशी आपला वाद असेल तो बहुधा आपलाच चुलतभाऊ असतो.

ह्यावरील उपाय साधा आहे. अलिबाग, मुरूड, म्हसळा अशा तालुक्याच्या गावी माणूस एका फेरीत चार कामे उरकतो. त्यात कचेरीचे काम आधी करावे आणि कोयता, सुरी, कुऱ्हाडीचे पाते ह्यांची खरेदी परतताना करावी. आधीच खरेदी झाली असल्यास दुकानदाराकडेच वस्तू ठेवून यावे. कोकणातला दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला त्याबद्दल नकार देत नाही. मासळी विकावयास आलेल्या कोळणीने आपला कोयता टोपलीसह बाजारात सोबतिणीच्या हवाली करावा व मग पंचायतीत जावे. वार्धक्यामुळे वा अपंगत्वामुळे ज्याला काठीवाचून चालता येत नाही त्याने भिण्याचे कारण नाही. मनाई आदेशातून अशा व्यक्ती बहुधा नावानिशी वगळलेल्या असतात, तसेच कर्तव्यावर असलेले सरकारी नोकरही. मोर्च्याने निवेदन द्यावयास जाणाऱ्या मंडळींनी झेंड्यांच्या काठ्या हा विषय आधीच पोलिसांशी बोलून ठेवावा, कारण वेताची बारीक काठी आणि दंडुका ह्यांच्यामधली रेषा गर्दीत पुसली जाते. शीख बांधवांच्या कृपाणाची गोष्ट निराळी आहे: संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणानेच कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे, आणि ज्याला हे माहीत नाही अशा रखवालदाराला ते शांतपणे सांगावे.

जिल्ह्याच्या उत्तरेकडील वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पनवेल आणि उरण हे तालुके महसुलाच्या दृष्टीने रायगडचे असले तरी पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडतात. तेथे शस्त्रपरवान्याचा आणि मनाई आदेशाचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे, अलिबागच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे नाही. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरणारा परवानाधारक तर पाऊण तासात मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या हुकमतीखाली जातो. आपला परवाना जिल्ह्यापुरता आहे, राज्यापुरता आहे की सर्व भारतासाठी आहे, हे परवान्यावर लिहिलेले असते. शेतीसंरक्षणासाठी मिळालेल्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना तर रानडुकरे आणि माकडे हाकलण्यासाठी आहे. ती बंदूक खांद्यावर टाकून तालुक्याला जाण्याचे काहीच प्रयोजन नसते. असते ते एकाच कामासाठी, आणि आता त्याचकडे वळू.

कारण सरकारी इमारतीत शस्त्र नेऊ नये असे सांगितल्यावर चाणाक्ष वाचक विचारील की, परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तर सरकारच शस्त्र घेऊन या असे म्हणते, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. तेव्हा पाच वर्षांतून एकदा तरी तपासणीसाठी शस्त्र हजर करण्याचा प्रसंग येतो. त्यासाठी प्रथम बंदुकीशिवाय जावे, संबंधित शाखेत चौकशी करावी, आणि शस्त्र कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणासमोर हजर करावयाचे हे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी सांगण्यावर विसंबू नये, कारण त्या दिवशी दारावर उभा असणारा माणूस निराळा असेल. नेमल्या दिवशी शस्त्र रिकामे करून, खोळीत बंद करून, काडतुसे निराळ्या पिशवीत घालून न्यावे. मूळ परवाना सोबत असलाच पाहिजे. शस्त्र नेणाऱ्याकडे परवाना मागण्याचा अधिकार पोलिसांना अधिनियमाने दिलेला आहे, आणि घरी राहिला हे उत्तर त्यावेळी उपयोगी पडत नाही. वाटेत चहाला थांबू नये, आप्तांच्या घरी जाऊन कौतुकाने खोळ सोडू नये. इमारतीच्या दाराशी पोहोचल्यावर, झडती होण्यापूर्वीच, आपण होऊन सांगावे की तपासणीसाठी शस्त्र आणले आहे, आणि कागद दाखवावा. झडतीत सापडलेले शस्त्र आणि आपण होऊन दाखविलेले शस्त्र ह्यांत कायद्याच्या दृष्टीने नसला तरी व्यवहाराच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

परवानाधारक वृद्ध वा आजारी असेल तर त्याने स्वतः ओढाताण करून जाण्याची आवश्यकता नाही. दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या व्यक्तीस शस्त्र नेता येते, अशी सवलत अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातच आहे. परंतु ते अधिकारपत्र खरोखर लिहिलेले असावे; त्यात शस्त्राचा प्रकार, क्रमांक, नेणाऱ्याचे नाव, कारण आणि तारीख असावी, आणि मूळ परवाना त्याला जोडलेला असावा. ‘अप्पांनी सांगितले म्हणून घेऊन आलो’ एवढ्यावर मुलाची सुटका होत नाही.

ठासणीच्या बंदुकीविषयी एक विशेष सूचना करावीशी वाटते, कारण हा धोका पुस्तकात सापडत नाही. काडतुसाची बंदूक मोडून पाहिली की रिकामी आहे की नाही हे दिसते. ठासणीच्या बंदुकीत बार आतच ठासलेला असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गेल्या हंगामात रानडुकरासाठी भरलेली आणि न उडविताच टांगून ठेवलेली बंदूक तशीच कचेरीत नेली जाण्याची शक्यता वाटते तितकी दूरची नाही. प्रथम घोड्याखालील केप काढलेली आहे हे पाहावे. मग नळीचे तोंड आकाशाकडे, आपल्या आणि इतरांच्या चेहऱ्यापासून दूर ठेवून, नळीत गज हळूच सोडावा आणि तो बाहेर किती उरतो हे पाहावे. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत उतरतो. आत बार असेल तर तेवढाच तो वर राहतो. बार असल्याचा संशय आला तर तो उकरून काढण्याचे धाडस करू नये. बंदूक आहे तेथेच ठेवून पोलीस ठाण्यास कळवावे.

निवडणुकीच्या काळात ह्या साऱ्याला निराळेच वळण लागते. आचारसंहिता लागू झाली की परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेण्याची कार्यवाही सुरू होते, आणि पूर्वी ती सरसकट होत असे. नंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निर्णयाच्या अनुषंगाने निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली, त्यामुळे कोणाचे शस्त्र जमा करावयाचे ह्याचा विचार होऊन तसा आदेश निघतो. बँकेचे रखवालदार, राष्ट्रीय नेमबाजी संघटनेचे खेळाडू अशांना सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते. मतदानाच्या दिवशी मात्र कोणत्याही सबबीला जागा नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या १३४ ब कलमानुसार लोकसभा वा विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, निवडणूक अधिकारी, केंद्राध्यक्ष, पोलीस आणि शांतता राखण्यासाठी नेमलेले लोक वगळता, मतदान केंद्राच्या आसपास कोणीही शस्त्र घेऊन जाता कामा नये. गेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शस्त्र सरकारजमा, आणि परवाना रद्द झाला असे मानले जाते. आपल्या गावातील मतदान केंद्र म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची शाळा, आणि शाळेच्या आवारातून वाडीकडे जाणारी पायवाट असते. त्या दिवशी त्या वाटेने बंदूक घेऊन जाऊ नये. माकडांनी एक दिवस नारळ पाडले तरी चालतील.

शस्त्र जमा करताना पावती घ्यावी, आणि ती केवळ ‘एक बंदूक मिळाली’ अशी नसावी. शस्त्राचा प्रकार, बनावट, क्रमांक, काडतुसांची संख्या, दस्ता फुटलेला असल्यास तसा शेरा, स्वीकारणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख इतके सर्व त्यात असावे. खाऱ्या हवेत लोखंड किती लवकर गंजते हे आपण जाणतो. ठाण्यात शस्त्र देण्यापूर्वी नळीला आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवून द्यावा, म्हणजे परत घेताना वाद घालण्याची वेळ येत नाही.

घरातील परवानाधारक निवर्तल्यावर तर सर्वांत अधिक गोंधळ होतो. तेराव्यानंतर मुले वडिलांची बंदूक चादरीत गुंडाळून वारसनोंदीच्या अर्जासोबत थेट तलाठ्याकडे वा तहसीलदाराकडे घेऊन जातात, जणू तीही सातबाऱ्यावर चढवावयाची आहे. परवाना व्यक्तीचा असतो, तो वारशाने मिळत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूबरोबर त्या घरातील शस्त्र विनापरवाना होते. अधिनियमाच्या २१ व्या कलमाप्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावयाचे असते, आणि त्यानंतर वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा अथवा शस्त्राची कायदेशीर विक्री करावी. विहित मुदतीत काहीच केले नाही तर ते सरकारजमा होते. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून परवानाधारकानेच जिवंतपणी घरच्यांना सांगून ठेवावे. आधी ठाण्यात दूरध्वनी करावा. शस्त्र घेऊन कसे यावे ते विचारावे, किंवा पोलिसांनाच घरी येऊन ताब्यात घेण्याची विनंती करावी.

किनाऱ्यावर सापडलेल्या वस्तूंची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. १९९३ च्या आरंभी ह्याच किनाऱ्यावरील दिघी आणि शेखाडी येथे उतरविलेली शस्त्रे आणि स्फोटके १२ मार्चला मुंबईत कोणता अनर्थ घडवून गेली, हे येथील ज्येष्ठांस ठाऊक आहे. आणि १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागून तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली, तेव्हा काही तास साऱ्या राज्याचा श्वास रोखला गेला होता. ती नौका ओमानजवळ संकटात सापडून सोडून दिलेली होती, घातपाताचा काही संबंध नव्हता, असे पुढे निष्पन्न झाले. परंतु अशी पेटी, डबा, काडतूस किंवा ओळखू न येणारी धातूची वस्तू जाळ्यात वा पुळणीत सापडली असता, प्रामाणिकपणाच्या भरात ती उचलून पोलीस ठाण्यात किंवा ग्रामपंचायतीत आणून ठेवण्याचा मोह आवरावा. हात लावू नये, इतरांस दूर ठेवावे, जागेची खूण करावी, आणि ११२ वर पोलिसांना किंवा १५५४ वर तटरक्षक दलाला कळवावे. स्फोटक वस्तू कचेरीच्या मेजावर आणून ठेवणारा प्रामाणिक माणूस, त्या इमारतीतील सर्वांच्या दृष्टीने, अप्रामाणिक माणसाइतकाच घातक ठरू शकतो.

सत्कारसमारंभात तलवार भेट देण्याची जी प्रथा अलीकडे बोकाळली आहे, तिच्याविषयी थोडक्यात एवढेच: शासकीय सभागृहात, पंचायत समितीच्या दालनात नव्या सभापतीच्या हाती धार असलेली तलवार देऊन ती उंचावून छायाचित्र काढून घेणे हे पोलिसांना गुन्हा नोंदविण्याचे आमंत्रण आहे, आणि असे गुन्हे शस्त्र अधिनियम व पोलीस अधिनियम ह्या दोहोंखाली नोंदले गेलेले आहेत. शाल आणि श्रीफळ पुरे. श्रीवर्धनची रोठा सुपारी दिली तर अधिकच शोभेल.

इतका वेळ नागरिकाला उपदेश झाला. दोन शब्द कचेऱ्यांनाही ऐकवले पाहिजेत. मनाई करावयाची तर ती दिसली पाहिजे. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या इमारतींत बंदूक वा घातक शस्त्र आणणे हा गुन्हा आहे, पण त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की इमारतीच्या प्रत्येक सार्वजनिक दाराशी तशी ठळक सूचना लावलेली असली पाहिजे, आणि सूचना नसेल व त्या माणसाला मनाईची प्रत्यक्ष माहितीही नसेल तर त्याला त्या कलमाखाली शिक्षा होत नाही. न्याय्य तरतूद आहे. आपल्याकडे मनाई आदेशाची प्रत फलकावर डकवली जाते खरी, परंतु ती बारीक टंकातील, पानभर कलमांची, आणि महिन्यापूर्वीच्या निविदेच्या सूचनेखाली दबलेली असते. अक्षरओळख बेताची असलेल्या माणसाने तिच्यातून कोयता बाहेर ठेवावयाचा हा अर्थ कसा काढावा? दाराशी मोठ्या मराठी अक्षरांत, शक्य तर चित्रासह, चार शब्दांचा फलक असावा. आणि बाहेर ठेवा म्हणून सांगावयाचे तर ठेवावयाची जागा द्यावी: कुलूपबंद कपाट, क्रमांकाचे बिल्ले, एक वही, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा एक माणूस, एवढ्यावर भागते. देवळात चपलांसाठी जी व्यवस्था विनातक्रार चालते, ती कचेरीत कोयत्यासाठी चालू नये असे काही नाही. बंदुकीला मात्र ह्या कपाटात जागा देऊ नये. बंदूक घेऊन आलेल्या इसमास, त्याचा परवाना पाहून व नाव-क्रमांक टिपून, जवळच्या पोलीस ठाण्याकडे पाठवावे.

मोटारीतून येणारे परवानाधारक अशा वेळी शस्त्र गाडीतच ठेवून, काच वर करून आत जातात. हा सर्वांत वाईट पर्याय आहे. गाडी फुटली आणि शस्त्र गेले तर चोरी करणाऱ्याआधी जबाब द्यावा लागतो तो निष्काळजीपणे ठेवणाऱ्याला. आणि चोरी झाल्यास ती तत्काळ ठाण्यात कळविणे हे परवानाधारकावर बंधनकारक आहे. कचेरीस जावयाचे त्या सकाळी शस्त्र रिकामे करावे, काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत, किल्ली बरोबर घ्यावी, आणि चहाच्या वेळी घरातील दुसऱ्या जाणत्या माणसाला तसे सांगून निघावे.